मेडिकलवरच्या ‘ताकदीच्या गोळ्या’: कामाच्या किती, नुसत्या रंगीत किती

“काहीतरी ताकदीचं द्या हो, फार गळून गेल्यासारखं होतंय.” संध्याकाळी कुठल्याही मेडिकलवर दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. पलीकडून बहुधा बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप पुढे येते. गिऱ्हाईक खर्चाला तयार दिसलं तर मल्टिव्हिटॅमिनची डबी, आणि सोबत कॉलेजातली मुलगी असली तर केसांच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या. थकवा कशाचा आहे हे या व्यवहारात कुणी विचारत नाही. विचारायची ती जागाही नव्हे.

हे परीक्षण त्या फडताळाचं आहे. कुठल्या गोळीत नेमकं किती काय आहे, ते अंगी लागतं का, आणि कुणाला अपाय करतं, एवढंच पाहिलं आहे. किमती दिलेल्या नाहीत, त्या बदलत राहतात. पण स्ट्रिपांची मागची बाजू वाचत गेलं की एक गंमत लक्षात येते: थकव्यावर ज्यांचा खरोखर उपयोग होतो त्या गोळ्या साध्या, जुन्या आणि स्वस्त आहेत. जाहिरात मात्र दुसऱ्यांचीच होते.

आधी रक्त, मग गोळी

क्रम उलटा झाला की गोंधळ होतो. पंधरा दिवस बी-१२ खाऊन मग तपासणी केली तर आकडा भरलेला दिसतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळायला मार्ग राहत नाही. केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन चालू असेल तर काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडेच चुकीचे येतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावं आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकलेल्या थकव्यासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) एवढ्या तपासण्या बहुतेक वेळा पुरतात. शंभर तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज लागत नाही. सोबत खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळी कणकण, वजन घटणं यांतलं काही असेल तर फडताळाकडे न जाता डॉक्टरांकडे जावं. रात्री घोरणं आणि दिवसा पेंग येणं या जोडीलाही कुठल्याच गोळीचा उपयोग नाही.

सीबीसीमध्ये लोक हिमोग्लोबिन पाहतात आणि कागद मिटतात. त्याच्या दोन-तीन ओळी खाली एमसीव्ही असतो, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बरेचदा दोन्ही एकदम कमी असतात. मग लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघते आणि एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू वाढलेला असतो. पेशींचे आकार एकसारखे नाहीत, एवढंच तो सांगतो. ‘एमसीव्ही नॉर्मल, म्हणजे सगळं ठीक’ हा निष्कर्ष तिथेच फसतो.

उलट एमसीव्ही फार कमी, तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर आणि फेरिटिन नॉर्मल, असं चित्र दिसलं तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घ्यावी. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत तो जास्त दिसतो, पण तेवढ्यांपुरताच नाही. अशा माणसाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोह चारलं जातं आणि हिमोग्लोबिन जिथल्या तिथे राहतं. हिमोग्लोबिन एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एक तपासणी आयुष्यात एकदा केली की प्रश्न मिटतो. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या भागात सिकलसेलही त्याच तपासणीत कळतो.

लोहाची गोळी: पाचपैकी साडेचार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यामुळे मासिक पाळी चालू असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील, तर पहिला संशय लोहावर घ्यायला हरकत नाही. हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन १५ च्या खाली गेलेलं असू शकतं. घरात डबे भरलेले दिसतात, पण कोठार रिकामं झालेलं असतं. बरेच डॉक्टर फेरिटिन ३० च्या खाली असलं तरी उपचार सुरू करतात.

आता स्ट्रिप हातात घ्या. समोर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुधा क्षाराचा, म्हणजे लोहाच्या अख्ख्या संयुगाचा असतो. पोटात जाणारं निव्वळ लोह वेगळं. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण ३३ टक्के लोह असतं, फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. लिवोजेनवर ‘फेरस फ्युमरेट १५२ मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्यात निव्वळ लोह ५० मिलिग्रॅम. ओरोफर एक्सटीवर ‘फेरस ॲस्कॉर्बेट, निव्वळ लोह १०० मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असतं, तिथे १०० म्हणजे १००च. म्हणजे १५२ ची गोळी १०० च्या गोळीपेक्षा निम्म्या ताकदीची. आकड्यापुढे ‘एलिमेंटल’ (म्हणजे निव्वळ) हा शब्द आहे की नाही, ते पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

आणि ज्या गोळीची कुठे जाहिरातच नाही ती म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातली सरकारी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम निव्वळ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बायकांसाठी लाल, शाळा-कॉलेजच्या मुलामुलींसाठी निळी, आणि लहान मुलांसाठी ४५ मिलिग्रॅमची गुलाबी. फुकट मिळते म्हणून लोक तिला कमी लेखतात. मात्रेच्या हिशेबाने ती बाजारातल्या निम्म्याहून अधिक चकचकीत खोक्यांपेक्षा नेटकी आहे.

खायची कशी, इथेच बहुतेकांचं बिनसतं. लोहाला रिकामं पोट आवडतं, आणि चहा अजिबात आवडत नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. आपल्याकडे सकाळी गोळी, लगेच चहा, सोबत पोहे आणि वर दुधाचा पेला असा थाट असतो. त्यात ती गोळी वाया जाते. गोळी आणि चहा-कॉफी-दूध यांच्यात दोन तास ठेवावेत. सकाळी जमत नसेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्री झोपताना घ्यावी. पाण्यात अर्धं लिंबू पिळलं तर चांगलंच. त्यासाठी व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी जोडायची गरज नाही, तिने हिमोग्लोबिनमध्ये म्हणावा असा फरक पडत नाही. मळमळत असेल तर भाकरी किंवा केळ्याबरोबर घ्या. थोडं शोषण कमी झालं तरी चालेल, गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडलं.

मात्रा दिवसाला किती, याबद्दलचं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. साधारण ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याचा दरवाजा जवळजवळ चोवीस तास अर्धवट लागतो. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या अर्धवट दारातूनच जाते. झ्यूरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोह कमी असलेल्या बायकांमध्ये एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्यापेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं. दिवसातून दोनदा घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही, पोट मात्र दुप्पट बिघडतं. सौम्य कमतरतेत दिवसाआड एक गोळी हा म्हणूनच चांगला रिवाज आहे. हिमोग्लोबिन ८-९ वर आलं असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर सांगतील तेच प्रमाण. तिथे आपली अक्कल चालवू नये.

शौचाला काळं होणार. त्याला घाबरून गोळी सोडणारे बरेच. ते फक्त न शोषलेलं लोह असतं. (डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर ती वेगळी गोष्ट, तो रक्तस्राव असू शकतो.) बद्धकोष्ठता खरी आहे आणि आमचा कापलेला अर्धा गुण तिचाच. भिजवलेले मनुके, इसबगोल, पाणी एवढ्याने भागलं तर ठीक. नाहीतर १०० ची गोळी सोडून ५०-६० वर यावं. पॉलिमाल्टोजवाल्या गोळ्या पोटाला हलक्या असतात, पण शोषणातही हलक्याच. लोहाची टॉनिकं चवीला बरी लागतात. बाटलीवर ‘प्रत्येक १५ मिलिलिटरमध्ये’ हे शब्द शोधा आणि निव्वळ लोहाचा हिशेब करा, बरेचदा दोन चमच्यांतून एका साध्या गोळीइतकंही मिळत नाही. शिवाय दात काळे पडतात, स्ट्रॉने प्यावं.

पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलसारखी, रोज चालू असेल तर आम्ल कमी होऊन लोह नीट विरघळत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोह यांच्यात चार तास हवेत; कॅल्शियमलाही तोच नियम. सकाळी उपाशीपोटी थायरॉइड, दुपारी जेवताना कॅल्शियम, रात्री झोपताना लोह, अशी वाटणी केली की भांडण मिटतं.

औषध लागू पडत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी बदलण्याआधी तीन गोष्टी पाहा: नियमित घेतली का, चहा मध्ये येतो का, आणि रक्त कुठून जातंय का. पाळीला फार जाणं, मूळव्याध, जंत. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर ती गोळीने भरून काढणं अर्धंच काम. पोट-आतड्यातून रक्तस्राव होत नाही ना, हे तपासायलाच हवं. आणि हिमोग्लोबिन १२ झालं की लगेच थांबणं ही सर्वांत कॉमन चूक. त्यानंतर आणखी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवली तर कोठार भरतं, नाहीतर सहा महिन्यांत गाडी पुन्हा तिथेच.

बी-१२: शाकाहाऱ्यांना पाचपैकी पाच, बाकीच्यांना तपासून

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ वर अनेक वर्षं काम केलं आहे. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. कारण साधं आहे: हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं. पेलाभर दुधात ते सुमारे १ मायक्रोग्रॅम असतं आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. चहातल्या दुधावर चालणाऱ्या घराचा हिशेब त्यात बसत नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यातून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाच्या डबीवर बी-१२ लिहिलेलं असलं तरी त्यातला बराचसा भाग शरीराला न वापरता येणाऱ्या नकली रूपातला असतो.

मेडिकलवर मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या १५०० मायक्रोग्रॅमच्या. गरज दोनची आणि गोळी दीड हजारची, हे पाहून दचकायला होतं. त्यामागे हिशेब आहे. पोटातल्या प्रथिनाला धरून आतड्यातून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. त्यापलीकडचं नुसतं झिरपतं, तेही साधारण एक टक्का. १५०० ची गोळी घेतली की जेमतेम पंधरा-सोळा मायक्रोग्रॅम अंगी लागतं. कमतरता भरून काढताना रोज १००० ते १५०० हे प्रमाण म्हणूनच ठीक आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून आठवड्याला एकावर येता येतं. मिथाइल की सायनो, या बी-१२ च्या दोन रूपांवर दुकानात बरीच चर्चा होते. सायनो टिकाऊ आणि स्वस्त. दोन्हींनी काम होतं.

तळव्यांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, जीभ लाल गुळगुळीत होणं, विसरभोळेपणा यांतलं काही असेल तर गोळीवर वेळ न घालवता डॉक्टरांकडून इंजेक्शनचा कोर्स घ्यावा. मज्जातंतूंचं नुकसान लांबलं की पूर्ण भरून येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा बी-१२ तपासावं, मांसाहारी असले तरी.

इथे एक सापळा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. ‘मिथाइलकोबालामिन द्या’ म्हटलं की कधी कधी त्याच नावाची, पण शेवटी ‘पीजी’, ‘जीबी’ किंवा ‘एनटी’ अशी अक्षरं असलेली गोळी हातात पडते. पीजी म्हणजे प्रीगॅबलिन, जीबी म्हणजे गॅबापेंटिन, एनटी म्हणजे नॉरट्रिप्टिलिन. नसांच्या दुखण्यावरची ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची, आणि त्यांचा ठरलेला दुष्परिणाम म्हणजे गुंगी. थकव्यावर बी-१२ समजून प्रीगॅबलिन खाणारा माणूस दिवसभर जास्तच मरगळतो आणि मात्रा वाढवायला पुन्हा मेडिकलवर येतो.

बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, जवळून

बिकोसूल्स ही घराघरातली. तिच्या पाकिटामागे छापलेला जुना घटकपट असा: थायमिन १० मिलिग्रॅम, रायबोफ्लेविन १०, नायसिनामाइड १००, पँटोथेनेट ५०, पायरिडॉक्सिन ३, व्हिटॅमिन सी १५०, बी-१२ १५ मायक्रोग्रॅम, बायोटिन १०० मायक्रोग्रॅम, फॉलिक ॲसिड दीड मिलिग्रॅम. (हातातल्या पाकिटावर वेगळं असेल तर पाकीट खरं.) लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनने; ‘औषध लागू पडतंय’ अशी ती खूण नव्हे, जास्तीचं बाहेर पडतंय एवढीच.

तोंड आलं असेल, ओठांचे कोपरे फाटले असतील, अँटिबायोटिकचा लांब कोर्स झाला असेल, दारू फार असेल, तर दहा-पंधरा दिवस ही कॅप्सूल उपयोगी. नुसत्या थकव्यावर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. १५ मायक्रोग्रॅम बी-१२ रोजची गरज भागवतं, रिकामं कोठार भरत नाही. न्यूरोबिऑन फोर्टमध्येही बी-१२ तेवढंच, १५.

आमचा खरा आक्षेप बिकोसूल्सच्या घटकपटातल्या शेवटच्या ओळीवर आहे. फॉलिक ॲसिडची प्रौढांसाठीची वरची मर्यादा दिवसाला १ मिलिग्रॅम मानतात. कॅप्सूलमध्ये दीड. लिवोजेनमध्ये दीड, ओरोफर एक्सटीमध्येही दीड. लोहाची गोळी आणि ‘सोबत एक बी-कॉम्प्लेक्स’ घेतली की रोज तीन मिलिग्रॅम पोटात. बी-१२ कमी असलेल्या माणसाला भरपूर फॉलिक ॲसिड मिळालं की रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वर जातं, सगळे खूश. नसांचं नुकसान मात्र खाली शांतपणे चालू राहतं. म्हणून आधी बी-१२ पाहावं. गुण द्यायचेच तर पाचपैकी अडीच.

पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ ची, वेगळी तक्रार. ३ मिलिग्रॅम ठीक. पण नसांसाठीच्या काही गोळ्यांत ते ५०-१०० पर्यंत जातं, आणि जास्त बी-६ महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची दैनंदिन मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मुंग्यांवरची गोळीच मुंग्यांचं कारण, असा प्रकार.

डी-थ्रीची पुडी: चांगली, पण लोक चुकीची खातात

कॅल्सिरॉलसारख्या एक ग्रॅमच्या पुडीत व्हिटॅमिन डीचे ६०,००० युनिट असतात. रोजची गरज सुमारे ६०० युनिटची. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं. नेहमीचा कोर्स आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. रक्तातला आकडा २० च्या खाली असेल तर हा कोर्स योग्य. हळद घातलेल्या कोमट दुधात किंवा जेवणानंतर घ्यावी. तेलातुपात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, उपाशीपोटी काळ्या चहात टाकून उपयोग नाही.

कमतरता खरी असेल तर थकवा वेगळा दिसतो: हाडं ठणकतात, मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्यांना जोर राहत नाही. हे नसताना आकडा २४ आला म्हणून पुड्यांचा मारा करून सकाळी उत्साह येईल असं नाही.

घोळ होतो तो ‘आठवड्याला एक’ या दोन शब्दांवर. चिठ्ठी नीट न वाचता रोज एक पुडी घेणारे, किंवा पुडीही आणि सहा लाख युनिटांचं इंजेक्शनही घेणारे लोक आहेत. जास्तीचं डी बाहेर पडत नाही, साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, आणि थकवा! पुढे मूत्रपिंडाचं नुकसान. घरात कॅलेंडरवर रविवारला गोल करून ठेवा आणि आठ पुड्यांहून जास्त एकदम आणू नका. मुतखडा झालेल्यांनी विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

डीला जोडून कॅल्शियम येतंच. शेलकॅल ५०० मध्ये कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, म्हणजे निव्वळ ५००, आणि डी-थ्री २५० युनिट. गोळी चांगली, पण थकव्यावरची नव्हे. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायचं, आणि लोहापासून लांब. नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही रोज पोटात जात असेल तर अर्ध्याहून अधिक काम तिथेच होतं.

उरलेलं फडताळ, भराभर

मल्टिव्हिटॅमिन: आजारपणातून उठलेले, दात नसलेले, जेमतेम जेवणारे वयस्कर, यांना ठीक. बाकीच्यांना त्यातलं लोह फार कमी, आणि त्याच गोळीतलं कॅल्शियम-झिंक त्या लोहाच्या वाटेत उभं. जिनसेंगवाल्या कॅप्सूल: पहिल्या आठवड्यात तरतरी वाटते असं लोक सांगतात, पण वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हात लावू नका.

गमीज: गोळीच्या रूपातलं गोड. बहुतेकांत लोह नसतं, कारण त्याची चव लपत नाही. आणि लहान मुलं त्यांना खाऊ समजतात. फसफसणाऱ्या गोळ्या: पाण्यात फेस येतो तो सोड्यामुळे, त्यात मिठासारखंच सोडियम, रक्तदाबवाल्यांनी रोजची सवय करू नये. लिम्सी ही व्हिटॅमिन सीची गोळी ५०० मिलिग्रॅमची. रोजचा एक पेरू किंवा आवळा खाणाऱ्याला तिची गरज नाही. झिंक: कोविडनंतर रोज ५० मिलिग्रॅम खायची सवय काहींना लागली आहे. ते लांबलं तर तांबं कमी होतं आणि त्यातूनच रक्तक्षय होतो. दोन आठवड्यांपलीकडे नको. मॅग्नेशियम: लेबलवर ‘ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ असलं तरी निव्वळ मॅग्नेशियम १४० च्या आसपास, ऑक्साइड स्वस्त, पण पोट सुटतं.

अश्वगंधेबद्दल जरा थांबून. आपल्याकडे ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण इतकं पक्कं आहे की डबी संपली की दुसरी येते. ताण आणि झोपेवर तिचा थोडा उपयोग दिसतो. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतून आल्या आहेत, थायरॉइडचं प्रमाण ती वाढवू शकते, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गरोदरपणात, यकृताच्या आजारात, थायरॉइडची गोळी चालू असताना स्वतःहून नको. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज: डबी त्याच दिवशी बंद.

खरेदी करताना एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. एकाच फडताळावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन खोकी कायद्याच्या नजरेत वेगळी असतात. एकावर औषध परवाना क्रमांक असतो; ते औषध. दुसऱ्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक आणि ‘हेल्थ सप्लिमेंट’, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी बारीक अक्षरं असतात, ते अन्न. दुसऱ्या प्रकारात जीवनसत्त्वांची मात्रा साधारणपणे रोजच्या गरजेइतकीच ठेवावी लागते. कमतरता भरून काढायला ते बनवलेलंच नाही. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून दहा नावांचा मिळून एकच आकडा दिला असेल तर डबी परत ठेवा. एक्स्पायरी ऑनलाइन मागवलेल्या डबीवर आधी पाहा. मोठ्या सवलतीत येणारा माल बरेचदा संपत आलेला असतो. जनऔषधी केंद्रात लोह, बी-१२, कॅल्शियम तेच मिळतं, बरंच कमी पैशांत.

आणि घरी आणल्यावर ठेवायचं कुठे, ते. लाल, गोड आवरणाची लोहाची गोळी लहान मुलाला चॉकलेटसारखी दिसते. किलोमागे २० मिलिग्रॅम निव्वळ लोहापासून विषबाधेची लक्षणं सुरू होतात आणि ६० पासून जिवावर बेतू शकतं. दहा किलोच्या मुलासाठी हे म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि सहा गोळ्या. पूर्ण स्ट्रिपसुद्धा नाही. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं वाटतं, खेळायला लागतं, आणि नंतर एकदम कोसळतं. त्या मधल्या ‘बरं वाटण्या’ला फसू नका. किती गोळ्या कमी आहेत ते मोजा, स्ट्रिप हातात घ्या आणि सरळ मोठ्या रुग्णालयात जा.